मिखाईल त्स्वेत : रंगांची फारकत करणारा शास्त्रज्ञ

काही माणसांची नावे त्यांच्या कार्याला फार शोभून दिसतात. रशियन भाषेत ‘त्स्वेत’ म्हणजे रंग. हे नाव धारण करणाऱ्या मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपले आयुष्य पानांतील रंगांच्या अभ्यासात वेचले. भाजीवर वा फळावर राहिलेला कीटकनाशकाचा अंश आज प्रयोगशाळेत शोधून काढता येतो, त्या विद्येचे मूळ या उपेक्षित संशोधकाच्या एका साध्या काचनळीत आहे.

त्स्वेत यांचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतील अस्ती या गावी झाला. वडील रशियन, तर आई इटालियन. जन्मानंतर लवकरच मातृछत्र हरपले. बालपण व शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये झाले. १८९६ साली जिनिव्हा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते रशियात गेले. परंतु तेथे परदेशी पदवीला मान्यता नव्हती. न खचता त्यांनी पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली आणि १९०१ साली कझान विद्यापीठाची पदवी संपादन केली. पुढे त्या काळी रशियन साम्राज्यात असलेल्या वॉर्सा शहरी त्यांना विद्यापीठात काम मिळाले.

पान आपल्याला हिरवे दिसते. पण त्या हिरव्यात अनेक रंगद्रव्ये मिसळलेली असतात. ती न बिघडवता वेगळी कशी करावीत, हा त्स्वेत यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी शंभराहून अधिक पदार्थांच्या भुकट्या वापरून पाहिल्या. अरुंद काचनळीत खडूची बारीक पूड ठासून भरायची, तिच्यावर पानांचा अर्क ओतायचा आणि वरून द्रावक सोडत राहायचे, अशी त्यांची रीत होती. जे द्रव्य पुडीला घट्ट धरून राहते ते मागे पडते. ज्याची पकड सैल ते पुढे निघते. पाहता पाहता नळीत हिरवे, पिवळे पट्टे उमटत. १९०३ साली त्यांनी वॉर्सातील निसर्गअभ्यासकांच्या सभेत या विषयावर व्याख्यान दिले आणि १९०६ साली जर्मन नियतकालिकात या पद्धतीला ‘क्रोमॅटोग्राफी’, म्हणजे वर्णलेखन, हे नाव दिले.

नवी वाट काढणाऱ्याच्या पायी काटे असायचेच. नळीत रंगद्रव्ये बिघडत असावीत, अशी शंका त्या काळच्या मान्यवर रसायनशास्त्रज्ञांनी घेतली. त्यांतील रिचर्ड विलश्टेटर यांना वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील संशोधनासाठी १९१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी महायुद्धामुळे त्स्वेत यांना वॉर्सा सोडावे लागले. मॉस्को, निझनी नोव्हगोरोद, तार्तू, व्होरोनेझ अशी त्यांची फरफट झाली. प्रकृती आधीच ढासळली होती. २६ जून १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, व्होरोनेझ येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची पद्धत मात्र मेली नाही. १९३१ साली हायडेलबर्ग येथे कून व लेडरर यांनी तिला पुन्हा उजेडात आणले. १९५२ साली जेम्स व मार्टिन या इंग्रज शास्त्रज्ञांनी द्रवाऐवजी वायूच्या प्रवाहाने पदार्थ वेगळे करून दाखवले. ही झाली वायू-वर्णलेखनाची पद्धत. यात नमुन्याची वाफ करून ती लांब नळीतून नेली जाते. प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी बाहेर पडते आणि आलेखावर एक शिखर उमटते. पुढे जेम्स लव्हलॉक यांनी शोधलेल्या संवेदनशील उपकरणामुळे डीडीटीसारख्या क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचा अत्यल्प अंशही पकडता येऊ लागला.

पण येथेच एक पेच उभा राहतो. भाजीच्या अर्कात कीटकनाशक कणभर आणि भाजीची स्वतःची द्रव्ये मणभर! कांदा, कोबी यांतील गंधकाची संयुगेही या उपकरणाला जाणवतात. दोन द्रव्ये एकाच वेळी बाहेर पडली, तर शिखर कोणाचे हे कसे ठरवावे? चुकून विष दिसले, तर शेतकऱ्याचा निर्दोष माल नाकारला जाईल. खरे विष झाकले गेले, तर ते मुलाबाळांच्या ताटात जाईल. म्हणून अर्क यंत्रात घालण्यापूर्वी स्वच्छ करावा लागतो. त्यासाठी मॅग्नेशियम सिलिकेटसारख्या भुकटीने भरलेल्या नळीतून तो गाळण्याची रीत रूढ झाली. रंगद्रव्ये व इतर बराच गाळ भुकटीत अडकतो आणि योग्य द्रावकाने कीटकनाशक खाली उतरते. त्यानंतरही शंका उरली, तर वेगळ्या प्रकारच्या नळीवर पुन्हा तपासणी करतात किंवा वस्तुमान-वर्णपटाची मदत घेतात.

त्स्वेत यांनी ज्या हरितद्रव्याला जिवापाड जपून वेगळे केले, तेच आज या तपासणीत अडथळा ठरते. आणि तो दूर करायला त्यांचीच नळी उपयोगी पडते. परदेशी पाठवण्यापूर्वी आपल्या महाराष्ट्रातील द्राक्षांची तपासणी होते, तीही याच विद्येच्या बळावर. हयातीत ज्यांच्या वाट्याला कीर्तीपेक्षा शंकाच अधिक आल्या, त्या त्स्वेत यांचे ऋण असे आपल्या रोजच्या जेवणापर्यंत येऊन पोहोचले आहे.