बांधणीचे शब्द वेचणारे फादर मार्कोस

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला आणि १५९७ साली नागासाकी येथे ते रक्तसाक्षी झाले, हे आपण जाणतोच. फिलिपाईन्समधील त्याच फ्रान्सिस्कन परिवारात फादर मार्कोस दे लिस्बोआ होते. हौतात्म्य त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांनी शब्द वेचले.

फादर मार्कोस मूळचे पोर्तुगीज. १६०२ ते १६११ या काळात त्यांनी लुझोन बेटाच्या आग्नेय भागातील बिकोल प्रदेशात सेवा केली व तेथील लोकभाषेचा स्पॅनिश कोश रचला. पाप, कृपा, प्रायश्चित्त एवढ्या शब्दांवर धर्मोपदेशकाचे काम कदाचित भागले असते. फादरांनी मात्र घर, शेत, होडी, जाळे यांचेही शब्द टिपले.

त्यांत बांधण्या-जोडण्याच्या शब्दांना विशेष महत्त्व आहे. तेथील बांबूची घरे खिळ्यांवाचून, वेताने आवळून उभी राहत. होड्यांच्या फळ्या लाकडी खुंट्यांनी सांधून वेताने वा दोरांनी आवळल्या जात. अबाका या केळीवर्गीय झाडाचा चिवट धागा तर बिकोलची ओळखच. म्हणून बांधणे म्हणजे ‘गाकोद’, सुतळीने बांधणे ‘हिगोत’, एकत्र बांधलेली मोळी ‘बुगकोस’ आणि टोकाला टोक जोडून लांबी वाढवणे ‘सुगपोन’. गुरांचे दावे, लाकडांची मोळी, पालेभाजीची जुडी असे वेगळे बोलणाऱ्या आपल्या मराठीला हा बारकावा परका नाही. बिकोल भाषेत तर मूळ शब्दाला उपसर्ग-प्रत्यय जोडले की कोण बांधतो, काय बांधले, कुठे बांधले हे क्रियापदच सांगते. ही घडण ओळखल्याशिवाय कोश रचणे अशक्यच होते.

एक गोष्ट झाकून ठेवू नये. ज्या स्पॅनिश सत्तेच्या छायेत हे कार्य चालले, तिने जहाजबांधणीसाठी स्थानिकांना वेठीस धरले होते. होडी बांधण्याचे त्यांचे कौशल्यच त्यांच्या मानेवरचे जोखड ठरले.

फादरांच्या हयातीत कोश छापला गेला नाही. मनिलालगतच्या साम्पालोक येथील फ्रान्सिस्कन मठात तो १७५४ साली, म्हणजे त्यांनी बिकोल सोडल्यावर १४३ वर्षांनी, छापून निघाला. पुढे १८६५ मध्ये मनिला येथे पुन्हा छापला गेला. बिकोल भाषेचे अभ्यासक मॅल्कम मिंट्झ यांनी आपल्या कोशात फादरांकडून घेतलेल्या नोंदींपुढे त्यांच्या नावाची आद्याक्षरे दिली आहेत. त्यांतील कित्येक शब्द आज बिकोलमध्येही कोणी बोलत नाही.