संगीतकार गुस्ताव माहलर यांचा स्नानसंस्कार



२३ फेब्रुवारी १८९७ रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरातल्या एका कॅथलिक चर्चमध्ये ३६ वर्षांच्या एका ज्यू गृहस्थाने स्नानसंस्कार स्वीकारला. त्यांचे नाव गुस्ताव माहलर. वाद्यवृंदाचे संचालक म्हणून तेव्हा त्यांचा मोठा दबदबा होता. व्हिएन्नाच्या शाही ऑपेरागृहातील जागा त्यांना हवी होती आणि ऑस्ट्रियाच्या दरबारात ज्यू माणसाला ती मिळणे शक्य नव्हते. आपण हे पोटापाण्यासाठी केले, असे त्यांनी नंतर एका परिचिताकडे कबूलही केले.

माहलर यांचा जन्म ७ जुलै १८६० रोजी बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात झाला. वडील दारू गाळत आणि गुत्ता चालवत. चौदा भावंडांपैकी निम्म्याहून अधिक लहानपणीच गेली. गावात लष्कराची छावणी होती. तिच्या बँडचे सूर आणि घरातून निघणाऱ्या शवपेट्या, दोन्ही त्यांच्या संगीतात जन्मभर ऐकू येतात. गंमत म्हणजे हा ज्यू मुलगा गावच्या कॅथलिक चर्चच्या गायकवृंदात गात असे.

व्हिएन्नात शिक्षण संपवून १८८० पासून त्यांनी लहान-मोठ्या नाट्यगृहांत नोकऱ्या केल्या. प्राग, लाइपझिग, बुडापेस्ट, हॅम्बुर्ग अशी चढती कमान होती. १८८९ साली आई-वडील दोघेही वारले आणि धाकट्या भावंडांचा भार त्यांच्यावर आला. वर्षभर दुसऱ्यांचे संगीत वाजवायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सरोवराकाठच्या झोपडीत बसून स्वतःचे लिहायचे, असा त्यांचा क्रम ठरून गेला.

त्यांची दुसरी सिंफनी शेवटच्या भागाशी अडली होती. पहिल्या भागात अंत्ययात्रा, पण पुढे काय? १८९४ साली हॅम्बुर्गमध्ये हान्स फॉन ब्यूलो या थोर संचालकाच्या अंत्यविधीत मुलांच्या गायकवृंदाने पुनरुत्थानाचे गीत म्हटले आणि माहलर यांना वाट सापडली. त्या गीताला स्वतःची कडवी जोडून त्यांनी सिंफनी पुरी केली. १८९५ च्या डिसेंबरात ती बर्लिनमध्ये पूर्णपणे वाजवली गेली. तारखा नीट पाहा. पुनरुत्थानावरची ही रचना स्नानसंस्काराच्या आधीची आहे. कागदावर ते ख्रिस्ती झाले नव्हते तेव्हा त्यांनी हे लिहिले.

मग तो स्नानसंस्कार खोटा होता का? तत्त्वज्ञानाच्या वर्गात हेतू आणि कृती यांवर पुष्कळ काथ्याकूट करता येते. मला मात्र दोष संस्कार घेणाऱ्यापेक्षा तो नोकरीची अट करणाऱ्यांचा अधिक वाटतो. त्याच वर्षी ज्यूद्वेषावर मते मिळवणारे कार्ल ल्यूगर व्हिएन्नाचे महापौर झाले. त्यांच्या पक्षाच्या नावातच ‘ख्रिस्ती’ हा शब्द होता. श्रद्धा कुणावर लादता येत नाही, हे ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ साली निःसंदिग्धपणे जाहीर केले.

माहलर मे १८९७ मध्ये व्हिएन्नात उभे राहिले आणि वर्ष संपण्यापूर्वी ऑपेरागृहाचे प्रमुख झाले. तिथे त्यांनी दहा वर्षे शिस्त लावली. भाड्याने टाळ्या वाजवणाऱ्यांना बंदी केली, खेळ सुरू असताना प्रेक्षागृहात अंधार ठेवला, उशिरा येणाऱ्यांना दाराबाहेर थांबवले. (ही शेवटची सुधारणा काही धर्मगुरूंनाही मोहात पाडील.) ज्यूद्वेष्ट्या वृत्तपत्रांनी मात्र त्यांना शेवटपर्यंत ज्यूच मानले. १९०२ साली त्यांनी आल्मा शिंडलर यांच्याशी चर्चमध्ये विवाह केला. त्या स्वतः गाणी रचत असत. लग्नाआधीच त्यांनी ते थांबवावे, अशी अट माहलर यांनी घातली. ज्यांना अटींचा इतका जाच झाला त्यांनीच अट घालावी, हे वाचताना वाईट वाटते.

१९०७ साली त्यांनी व्हिएन्ना सोडायचे ठरवले. त्याच उन्हाळ्यात थोरली मुलगी मारिया पाचव्या वर्षी आजाराने गेली आणि त्यांच्या स्वतःच्या हृदयात दोष निघाला. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९०९ पासून न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संचालक झाले. याच वाद्यवृंदाची धुरा पुढे १९७८ ते १९९१ या काळात मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी वाहिली.

त्यांची आठवी सिंफनी पवित्र आत्म्याला साद घालणाऱ्या, आपण पेंतेकॉस्तला गातो त्या प्राचीन लॅटिन स्तोत्राने सुरू होते. या वेळी त्यांच्यावर कुणाचीही सक्ती नव्हती. १२ सप्टेंबर १९१० रोजी म्युनिकमध्ये हजाराहून अधिक गायक-वादकांनी ती सादर केली, तेव्हा स्वतः माहलर समोर उभे होते. आठ महिन्यांनी, १८ मे १९११ रोजी, व्हिएन्नात त्यांचे निधन झाले. ग्रिन्झिंगच्या दफनभूमीत मुलीशेजारी ते विसावले आहेत. दगडावर फक्त नाव आहे.

१९३३ नंतर नाझींनी जर्मनीत त्यांच्या संगीतावर बंदी घातली. स्नानसंस्काराचा दाखला त्यांच्या लेखी कवडीमोल होता. माहलर यांच्या बहिणीची मुलगी, व्हायोलिनवादक आल्मा रोझे, हिला आउश्विट्झच्या छळछावणीत नेले गेले. तिथे ती कैदी स्त्रियांच्या वाद्यवृंदाची संचालक झाली. त्या वाद्यवृंदात जागा मिळाल्यामुळे कित्येक मुलींचे प्राण वाचले. ती स्वतः एप्रिल १९४४ मध्ये तिथेच मरण पावली.