सुरतेचा सावकार वीरजी व्होरा

सुरतेची लूट आपण सर्वांनी शाळेतच वाचलेली असते. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले, मोगल अंमलदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि शहर लुटले गेले. त्या धड्यात एक नाव ओझरते येऊन जाते, ते वीरजी व्होराचे. त्याचा वाडा लुटला गेला, एवढे आपण परीक्षेपुरते ध्यानात ठेवतो. हा वीरजी कोण आणि एवढे द्रव्य त्याच्यापाशी कोठून आले, हे मात्र पाठ्यपुस्तक सांगत नाही.

पोटापाण्याच्या निमित्ताने मी काही वर्षे सुरतेत आहे. येथील एका कापडाच्या पेढीत आकडेवारीचे काम पाहतो. धंद्याची स्थिती मालकाला रोज सकाळी एका दृष्टिक्षेपात कळावी म्हणून संगणकाच्या पडद्यावर आकड्यांची व आलेखांची जी पाटी मांडतात, तिला डॅशबोर्ड म्हणतात. मोटारीच्या चालकासमोर काट्यांची जी फळी असते, तिचेच हे नाव. अशा पाट्या आखताना मला वीरजीची वारंवार आठवण होते. म्हणून वाणिज्य शाखेच्या मित्रांसाठी, आणि इतिहासाच्या प्राध्यापकांची क्षमा मागून, त्याचे चरित्र येथे सांगतो.

वीरजी जैन होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेला हा माणूस १६१९ पासून इंग्रज वखारीच्या कागदपत्रांत दिसू लागतो आणि पुढे पन्नास वर्षे दिसत राहतो. त्याची ओळख आपल्याला होते ती बहुतांशी याच पत्रव्यवहारातून. म्हणजे हे चरित्र त्याच्या गिऱ्हाइकांनी, प्रतिस्पर्ध्यांनी आणि ऋणकोंनी लिहिलेले आहे! त्यात स्तुती थोडी आणि चडफड फार. मला तरी ते त्यामुळेच अधिक विश्वासाचे वाटते.

त्याचे आडतिये आग्रा, बऱ्हाणपूर, गोवळकोंडा, कालिकत, भडोच अशा ठिकाणी पसरलेले होते. मिरी, वेलदोडे, हळद, कापड, अफू, हस्तिदंत, पोवळे, शिसे, सोने-चांदी, यांपैकी कशाचाही व्यापार त्याला वर्ज्य नव्हता. पण त्याची खरी हुकमत दिसते ती मिरीच्या सौद्यात. १६२५ मध्ये सुरतेत आलेली मिरी त्याने जवळजवळ सगळी उचलली. इंग्रजांना त्याचा भाव परवडेना, तेव्हा त्यांनी युक्ती केली. आपला माणूस थेट दख्खनमध्ये पाठवून मूळ ठिकाणीच स्वस्तात खरेदी करायची, असे ठरविले. वीरजीला याचा सुगावा लागला. त्याच्या दख्खनमधील आडतियांनी तेथेही चढा भाव देऊन माल पकडला. इंग्रजांचा माणूस गेला तो भाव वाढवूनच परत आला, असे म्हणायला हरकत नाही.

हे त्याला कसे साधले? व्यापाराची घडी पाहिली की उलगडा होतो. पावसाळा सरला की विलायती जहाजे तापीच्या मुखाजवळ सुवाळीच्या बाऱ्यात नांगर टाकीत, आणि मोसम बदलण्यापूर्वी भरून निघत. मोसम चुकला की वर्ष वाया गेले. तेव्हा भाव ठरविणाऱ्याला मोजक्याच गोष्टी कळणे अगत्याचे होते. सुरतेत माल किती उरला आहे, मूळ ठिकाणी त्याचा भाव काय, जहाज निघायला किती दिवस राहिले आणि वखारीत चांदी किती शिल्लक आहे. यांतील प्रत्येक गोष्ट कळली की लगेच काहीतरी करता येते. घ्यावे, विकावे किंवा स्वस्थ बसावे. वीरजीच्या सौद्यांत या चारही गोष्टींचा हिशेब स्पष्ट दिसतो. शेवटच्या गोष्टीची बातमी तर त्याला घरबसल्या मिळे, कारण वखारीला कर्ज देणारा तोच होता. १६३६ मध्ये त्याने इंग्रजांना दोन लाख रुपये दिले होते. ज्याला कर्ज दिले त्याची नड सावकारापासून कशी लपणार? १६४३ च्या सुमारास तर युरोपातून येणाऱ्या मालाचा एकटाच मक्तेदार तो होऊन बसल्याचे गाऱ्हाणे इंग्रज करीत होते.

आमच्या आजच्या कामात नेमके उलट चालते. पाटी आखायला बसले की पहिला प्रश्न येतो, आपल्यापाशी कोणकोणते आकडे आहेत? मग तीस आकडे, सहा रंग आणि गोल गोल चित्रे पडद्यावर दाटीवाटीने बसतात. शेठ दोन दिवस कौतुकाने पाहतात, तिसऱ्या दिवशी मुनीमजींना बोलावून तोंडीच विचारतात. माझा अनुभव असा की प्रथम विचारावे ते हे, की उद्या सकाळी शेठ कोणता निर्णय घेणार आहेत? ग्रे कापड आज घ्यायचे की थांबायचे, एवढाच प्रश्न असेल तर आजचा भाव, गोदामातील ताके आणि रंगाईच्या गिरणीत अडकलेला माल एवढे पुरे. कोणत्या आडतियाला पुढे माल द्यायचा हा प्रश्न असेल, तर उधारी किती यापेक्षा ती किती दिवसांची आहे, हे ठळक दिसले पाहिजे. बाकीचे आकडे वहीत सुखाने राहू द्यावेत.

असो. वीरजीच्या वैभवाला दुसरी बाजूही होती. १६३८ मध्ये सुरतेच्या अंमलदाराने नाना आरोप ठेवून त्याला कैदेत टाकले. प्रकरण शहाजहान बादशहापर्यंत गेले, वीरजी सुटला आणि त्या अंमलदारालाच जावे लागले. बाजारात कोणालाही न हटणारा हा माणूस राज्यकर्त्यापुढे किती उघडा होता, हे या प्रसंगाने दिसले.

आणि १६६४ उजाडले. सुरतेच्या रक्षणासाठी पाचशे शिपायांचा पगार इनायतखान सरकारी खजिन्यातून उचलीत होता. प्रत्यक्षात तेवढी माणसे त्याने ठेवलीच नव्हती. शहराला धड तटबंदीही नव्हती. दप्तरात पाचशेचा आकडा लिहिलेला होता आणि त्या आकड्यामागे माणसे नव्हती. याउलट महाराजांकडची बातमी पाहा. सभासदाच्या बखरीत बहिर्जी जासुदाने सुरतेची खबर आणल्याचा उल्लेख आहे. द्रव्य कोठे आणि राखणदार किती, हे समक्ष पाहून आलेल्या माणसाने सांगितले होते. एकाच शहराविषयीचे हे दोन हिशेब, एक कागदावरचा आणि एक डोळ्यांनी पाहिलेला. त्यांतील कोणता खरा, याचा निकाल चार दिवसांत लागला.

महाराजांनी शहराबाहेर तळ देऊन वीरजीसह बड्या व्यापाऱ्यांना खंडणी ठरविण्यासाठी बोलावणे पाठविले. कोणी आले नाही. मग वीरजीचा वाडा आणि वखारी लुटून जाळण्यात आल्या. जॉर्ज ऑक्झेंडनच्या इंग्रजांनी मात्र आपली वखार हत्यारे घेऊन राखली. मला राहून राहून वाटते, दख्खनमधील मिरीचा भाव इतक्या तत्परतेने काढणाऱ्या या व्यापाऱ्यांपैकी एकाने तरी आपल्याच गावच्या शिपायांची हजेरी घ्यायला हवी होती. पण ते काम सरकारचे, असे सगळ्यांनी धरले असावे.

वीरजी या आघाताने संपला नाही. लुटीनंतरही मोठे सौदे करण्याची ऐपत त्याच्यापाशी असल्याचे इंग्रजांनीच नोंदविले. १६६६ मध्ये सुरतेस आलेला फ्रेंच प्रवासी थेव्हेनो याची त्याच्याशी मैत्री होती आणि त्याची दौलत निदान ऐंशी लाखांची समजली जाते, असे तो लिहून गेला. औरंगजेबाने व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली आणि शहराभोवती विटांचा तट घालण्याचा हुकूम दिला. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा सुरतेवर आले. त्यानंतरच्या इंग्रजी कागदांत वीरजी व्होराचे नाव आढळत नाही. १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले.