विश्वासाने माणसे उभी करणारा कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर



आमच्या धाड परिसरात आजही पेरणीआधी नांगरटीची लगबग सुरू झाली की जुनी माणसे लाकडी नांगराच्या आठवणी सांगतात. लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणाऱ्या एका मराठी माणसाचा पाठ आपण मुलांना शिकवतो. पण त्यात बहुधा नांगर तेवढा लक्षात राहतो आणि माणूस मागे पडतो. आज त्या माणसाबद्दल, आणि त्याने आपल्या हाताखालच्या लोकांना कसे वागवले त्याबद्दल लिहितो आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ती पंडित. घरातला मुलगा त्याच वाटेने जाईल अशी सर्वांची अपेक्षा. पण लक्ष्मणरावांचे मन पोथीत कमी आणि चित्रात व यंत्रात जास्त. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या मदतीने ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. तिथे एक विचित्र अडचण पुढे आली. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. चित्रकाराला रंगच कळत नसतील तर पुढे काय? दुसरा एखादा हताश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यांत्रिक आरेखन शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिक्षक झाले. म्हणजे बघा, हा मोठा कारखानदार मुळात आपल्याच व्यवसायातला!

नोकरी का सोडली?

संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. काम चोख, तरी वरच्यांना त्याची किंमत नाही. हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी कमी-अधिक घेतलेला असेल. काही जण अशा वेळी आतून विझतात, हजेरी लावतात पण मन कामात नसते. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला आले. तिथे दोघा भावांचे सायकलींचे दुकान होते. त्याच्या जोडीला त्यांनी छोटा कारखाना टाकला. आधी कडबा कापायचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर केला.

नांगर तयार झाला, पण घ्यायला कोणी येईना. लोखंडाने जमिनीला विष चढते असा समज शेतकऱ्यांमध्ये होता. पहिला नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षे लागली. विश्वास बाजारात विकत मिळत नाही, तो कामातून आणि धीराने कमवावा लागतो, हे त्यांना तिथेच उमगले असावे.

निवडुंगातली वसाहत

पुढे बेळगावच्या नगरपालिकेने त्यांना कारखान्याची जागा सोडायला लावली. जमवलेले सगळे उचलून जायचे कुठे? त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन कसली, माळच तो! निवडुंग आणि नाग यांचेच राज्य. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी वसू लागली. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे.

आता खरा प्रश्न. अशा माळावर बायका-मुलांना घेऊन कोण येईल? पण सुमारे 25 कामगार आपल्या कुटुंबांसह आले. पगारासाठी एवढी जोखीम कोणी घेत नाही. मालक आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही, ही खात्री असल्याशिवाय हे घडत नाही. आणि मालकही त्याच माळावर राहायला आला होता, हे महत्त्वाचे.

सोबतची माणसे कोण होती ते पाहिले की आपल्यासारख्या शिक्षकांना थोडे ओशाळायला होते. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अर्धवट सुटलेले, पण वाडीत ते कल्पक यंत्रज्ञ झाले. के. के. कुलकर्णी हेही परीक्षेत मागे पडलेले. त्यांनी वाडीतली पडेल ती कामे अंगावर घेतली. मंगेशराव रेगे यांनी हिशेब आणि कारभार सांभाळला. यंत्रकामात शंभोराव जांभेकर होते. वसाहतीची आखणी रामुअण्णांनी केली, तर पुतणे शंकरराव यांनी जाहिरातीची बाजू घेतली आणि 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. ज्याला जे जमते ते त्याच्याकडे सोपवायचे आणि सोपवल्यावर त्याला ते करू द्यायचे, ही लक्ष्मणरावांची रीत.

वाडीत अस्पृश्यता पाळायला त्यांनी बंदी केली. त्या काळात हे सोपे नव्हते. पण रांगेत काहींना बाजूला उभे करून सगळ्यांकडून आपुलकीच्या कामाची अपेक्षा कशी करणार?

रात्रीचा पहारा

या चरित्रातला मला सर्वात अस्वस्थ करणारा भाग पुढे आहे. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी कामावर घेतले. आणि काम कोणते दिले? रात्रीच्या पहाऱ्याचे! ज्यांना गाव दारात उभे करत नव्हते त्यांच्या भरवशावर वाडी झोपू लागली. विश्वास टाकला आणि संधी दिली तर माणूस सुधारतो, अशी त्यांची धारणा होती.

अस्वस्थ का, ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा माझ्या वर्गात सहलीचे जमा केलेले पैसे सापडेनात. मी सगळी मुले सोडून एकाच मुलाचे दप्तर तपासले. का, तर त्याच्याबद्दल आधीच कोणीतरी काहीबाही सांगितले होते. दप्तरात काही नव्हते. संध्याकाळी पैसे माझ्याच हजेरीपटात मिळाले. मी त्याची माफी मागितली, तीही वर्गासमोर नाही, व्हरांड्यात. तो मुलगा वर्षभर शाळेत आला, पण त्यानंतर त्याने माझ्या प्रश्नाला कधी हात वर केला नाही. दप्तर उघडायला एक मिनिट लागले होते. पुढचे वर्ष मला काही ते भरून काढता आले नाही.

आपण काय घ्यावे?

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

मुख्याध्यापक असोत, वर्गशिक्षक असोत की घरातले वडील, प्रत्येकाच्या हाताखाली कोणीतरी असतेच. त्यांचे मन कामात लागत नाही अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती करण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारू या. मी कोणाला त्याच्या जुन्या शिक्क्यावरून तोलतो आहे का? काम सोपवल्यावर दर दहा मिनिटांनी डोकावतो आहे का? आणि इतरांना ज्या माळावर पाठवतो, तिथे मी स्वतः राहायला तयार आहे का?

मुलांसाठी एक उपक्रम सुचवतो. या आठवड्यात वर्गातल्या ज्या मुलावर सहसा कोणी जबाबदारी टाकत नाही, त्याच्याकडे वाचनपेटीची किल्ली द्या. मध्ये विचारपूस नको, शनिवारी फक्त पेटी बघा. पालकांनी घरी किराण्याचा हिशेब असाच मुलावर सोपवून पाहावा. एखादे पुस्तक कमी भरेल, दोन-पाच रुपये इकडे-तिकडे होतील. होऊ द्या. लक्ष्मणरावांनाही पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली होती.