माणशी पाणी वाटणारे विलासराव साळुंखे

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. या काळात मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त आवाज चढले ते पाण्यावरून. म्हणून या स्मरणिकेत विलासराव साळुंखे यांची आठवण.

विलासराव पेशाने इंजिनिअर. पुण्यात अचूक मोजमापाची उपकरणं बनवण्याचा त्यांचा कारखाना होता. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी पुरंदर तालुक्यातली हलाखी पाहिली आणि त्यांचं मन कारखान्यात रमेना. नायगावला देवस्थानची ४० एकर माळरान जमीन त्यांनी कराराने घेतली. बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव आणि विहीर झाली, माळावर पिकं उभी राहिली. १९७४ मध्ये त्यांनी ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन केलं आणि पुढे गावोगावी पाणी पंचायत उभी राहिली.

पंचायतीचे नियम साधे, पण कडक. एकट्यादुकट्याला योजना नाही, गटालाच. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येत नाही. उसाला पाणी नाही. आणि खर्चातला २० टक्के वाटा गटाने आधी स्वतः भरायचा.

बँकेत असताना विहिरीची कर्जं मीही दिली. आम्ही आधी सातबारा बघायचो. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याचा अर्ज टेबलापर्यंत यायचाच नाही. त्यात काही चुकतंय, असं तेव्हा वाटलं नाही.

विलासराव २००२ मध्ये गेले. त्यांच्या सगळ्याच योजना टिकल्या नाहीत. मोटार अन् पाइप पैशाने येतात. नियम मात्र दर उन्हाळ्यात सगळ्यांनी नव्याने पाळावा लागतो.

आता आपल्या घरचं. एका टंचाईच्या वर्षी टँकरचं पाणी घरटी सारखं वाटायचं की माणशी, असा प्रश्न आला होता. मी घरटीच्या बाजूने हात वर केला. आमच्या घरात आम्ही दोघं, शेजारी भाडेकरूंच्या घरात सात माणसं. ठराव पास झाला. शेजारच्या सूनबाई संध्याकाळी आमच्याकडे एक हंडा पाणी मागायला आल्या, तेव्हा कुठे मला हिशोब कळला.

वडवणीचा उन्हाळा काही बदलणार नाही. पुढच्या टंचाईआधीच सर्वसाधारण सभेत माणशी वाटपाचा ठराव घ्यावा, भाडेकरूही त्यात मोजावेत, ही विनंती. या वेळी माझा हात त्या बाजूने वर असेल.