भयकथाकार नारायण धारप

मराठीत भयकथा म्हटले की नारायण धारप यांचे नाव पहिल्याने घेतले जाते. वाचताना अंगावर काटा येतो, तरीही पुस्तक खाली ठेववत नाही, अशी कथा म्हणजे भयकथा. मुलांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी 'तिलिस्मे होशरुबा'तील जादूगारांच्या गोष्टी सांगितल्या जात असतील. तो अद्भुत प्रदेश आपल्यापासून फार दूर आहे. धारपांची कथा मात्र आपल्याच गल्लीत घडते.

नारायण गोपाळ धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ रोजी झाला. त्यांनी विज्ञान-तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले होते. विज्ञान शिकलेल्या माणसाने भुताखेतांच्या गोष्टी लिहाव्यात, याचे नवल वाटते. त्यांनी 'नेनचिम'सारखी विज्ञान कादंबरीही लिहिली; पण लोकांच्या मनात ते राहिले भयकथांमुळेच.

त्यांच्या कथेची सुरुवात अगदी साधी असते. एखादे मध्यमवर्गीय कुटुंब नव्या घरात राहायला येते. सामान लावले जाते, शेजाऱ्यांची ओळख होते. मग एखादी खोली उगीचच थंड वाटू लागते. घरातले मूल कुणाशी तरी बोलताना दिसते. उर्दूत आपण ज्याला आसेब म्हणतो, ते इथे हळूहळू पाऊल टाकत येते. रक्तपात दाखवून घाबरवणे सोपे असते. रोजच्या ओळखीच्या वस्तूंची भीती वाटायला लावणे अवघड. ते धारपांना साधले होते. अनेक कथांत 'समर्थ' नावाचा शांत, ज्ञानी पुरुष संकटात सापडलेल्यांच्या मदतीला धावून येतो. त्यामुळे वाचक घाबरतो, पण निराश होत नाही.

धारपांच्या काही कल्पना परदेशी पुस्तकांतून आल्या आहेत. त्यांची 'लुचाई' ही कादंबरी अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या 'सालेम्स लॉट'वर आधारलेली आहे. किंग यांनीही ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'पासून प्रेरणा घेतली होती. मूळ कल्पना कोणाची हे वाचकाला कळलेच पाहिजे. पण धारपांनी नुसते भाषांतर केले नाही. परक्या मुलखातले भय त्यांनी मराठी घराच्या ओसरीवर आणून बसवले. हे काम लहान नाही.

समीक्षकांनी भयकथेला फारसा मान दिला नाही. वाचनालयांत मात्र धारपांची पुस्तके पाने सुटी होईपर्यंत वाचली गेली. आपल्या अमरावती-अकोल्याकडचा वाचकही त्याला अपवाद नव्हता.

१८ ऑगस्ट २००८ रोजी धारपांचे निधन झाले. त्यानंतरही त्यांच्या कथा थांबल्या नाहीत. २०१८ साली त्यांच्या 'ग्रहण' या कादंबरीवर दूरचित्रवाणी मालिका आली. त्याच वर्षी राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. (तो मोठ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही!) त्यातल्या साखळदंडाने बांधलेल्या भयंकर म्हातारीचे मूळ धारपांच्या 'आजी' या कथेत आहे. ती कथा बर्वे यांनी आधी वाचलेली नव्हती. १९९३ साली आपल्या विदर्भातल्याच नागझिरा अभयारण्यात मुक्कामाला असताना एका मित्राने ती त्यांना तोंडी सांगितली होती.