स्वरसाधक अब्दुल करीम खाँ

किराणा घराण्याचे थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांचा जन्म 1872 साली उत्तर हिंदुस्थानातील कैराना गावी झाला. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गात असत. पुढे महाराष्ट्र हीच त्यांची कर्मभूमी झाली व मिरजेस त्यांनी वास्तव्य केले. 1913 साली पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य व हिराबाई बडोदेकर ह्या त्यांच्या कन्या होत.

सुरेलपणा हा खाँसाहेबांचा ध्यास होता. तंबोरे मनाजोगे जुळल्यावाचून ते गाण्यास आरंभ करीत नसत. सांगलीचे देवल व न्यायाधीश क्लेमंट्स ह्या दोघांनी श्रुतींचा अभ्यास केला, त्यास खाँसाहेबांच्या गळ्याचे मोठे साहाय्य झाले. भजनातील पेटीच्या सप्तकात ठरीव 12 स्वर असतात. गळा मात्र मींडेने एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकतो.

अशा गायकाने आपले गाणे यंत्राच्या स्वाधीन केले, हे विशेष होय. विसाव्या शतकाच्या आरंभी कर्ण्यासमोर गावे लागे. त्या आवाजानेच सुई हलून मेणावर रेघ उमटे. पुढे 1930 नंतरच्या दशकात त्यांच्या तबकड्या विजेच्या साहाय्याने निघाल्या. एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मिळत. तासभर रंगणारा राग तेवढ्यात बसवावा लागे. त्यांची भैरवीतील ठुमरी आजही आपणांस ऐकावयास मिळते, ती ह्या तबकड्यांमुळेच.

आता तोच आवाज आकड्यांत साठवितात. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीत दर सेकंदास 44,100 वेळा ध्वनीचे माप घेतलेले असते. मापांच्या मधला स्वर गळून पडतो व मींड तुटते, असा कित्येकांचा आक्षेप आहे. आमच्या मते तो बरोबर नाही. योग्य रीतीने घेतलेल्या मापांवरून, मनुष्याच्या कानास ऐकू येणारी लहर पुन्हा अखंड उभी करता येते. हानी होते ती निष्काळजीपणाने. तबकडी चुकीच्या वेगाने फिरविली तर मूळ सूरच चढतो वा उतरतो. खरखर काढण्याच्या भरात आवाजातील बारकावेही पुसले जातात. आणि मोबाईलसाठी फाईल फार लहान केली की तंबोऱ्याची आस बोथट होते. जुन्या तबकडीतही दोष होतेच. दर वेळी सुई फिरली की ती झिजत असे.

1937 च्या ऑक्टोबरात मद्रासेहून पाँडिचेरीस जाताना खाँसाहेबांची प्रकृती बिघडली. वाटेत सिंगपेरुमाळकोईल स्थानकावर ते उतरले. तेथे तंबोरा जुळवावयास सांगून, ईश्वराची प्रार्थना गात त्यांनी देह ठेवला, असे सांगतात. मिरजेस दर्ग्याजवळ त्यांची कबर आहे.

डोळखांबच्या घराघरांतून आज मोबाईलवर गाणे वाजते. विद्यार्थ्यांनी व पालकांनी एकदा शांत बसून खाँसाहेबांची ती तीन मिनिटे ऐकावीत, व तंबोऱ्याशी गळा कसा मिळतो तिकडे लक्ष द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.